तलावाची उथळ बाजू: गोंदियाच्या सारस-मुलखात

शुक्रवार

महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियालाच जावं लागतं. शेजारच्या भंडाऱ्यात एखाद-दोन जोड्या, चंद्रपूरकडे कधीमधी एखादा, आणि नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटला बऱ्यापैकी. आपल्या राज्यापुरतं बोलायचं तर हा पक्षी आता गोंदियाच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, आणि तलावांवरच टिकून आहे. अलीकडच्या गणनांमध्ये जिल्ह्यात तीसच्या आगेमागे सारस भरतात. जगातल्या उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सगळ्यांत उंच असलेला हा पक्षी, आणि आपल्याकडे उरलेत ते एवढेच.

भाची वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला पाण्यातल्या वनस्पती बघायच्या होत्या, मला सारस. माझी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यामुळे तलाव म्हटला की मला आधी गट नंबर आणि निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांची नोंद, आठवतं. डिसेंबरचे दिवस निवडले. धान कापून झालेलं असतं, तलाव अजून भरलेले असतात आणि उत्तरेकडची बदकंही आलेली असतात.

नागपूर सोडून गाडी पूर्वेला निघाली की कापूस-संत्र्याचा विदर्भ मागे पडतो. भंडारा रोड, तुमसर रोड, मग वैनगंगेचा पूल, तिरोडा. खिडकीतून नुसत्या बांध्या. चौकोनी, धुऱ्यांनी आखलेल्या, कापलेल्या धानाचे खुंट उभे आणि मधून मधून पुंजणे. बुलढाण्याच्या माणसाला हा आपलाच विदर्भ आहे हे सांगून पटणार नाही. इकडे पाऊस तेराशे मिलीमीटरच्या आसपास पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो. तो अडवून ठेवायचा म्हणून पूर्वजांनी तलाव बांधले. धान आणि तलाव ही या मुलखाची जोडगोळी त्या पावसामुळे जमली.

गोंदियाला उतरून मुक्कामाची सोय लावली आणि दुसऱ्या दिवसासाठी गाडी ठरवली. दिवस तेवढ्यातच गेला.

शनिवार

सारस रात्री तलावाच्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात आणि उजाडलं की चरायला शेतात उतरतात. म्हणून पहाटे निघायचं. परसवाडा, झिलमिली, कामठा, बिरसी हा गोंदिया तालुक्यातला पट्टा सारसांसाठी ओळखला जातो. तिथल्या एका तलावावर आम्ही उजेडाच्या आधी पोचलो. ज्या शेतात घरटं झालं होतं त्या गावाचं नाव लिहीत नाही. कॅमेरे घेऊन थेट घरट्यापर्यंत जाणारी माणसं वाढली आहेत, त्यांना वाट दाखवायची नाही.

धुकं एवढं होतं की पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, पाणी दिसत नव्हतं. आधी आवाज आला. नराची एक लांब हाक, त्याला लगेच मादीच्या दोन तुटक हाका, पुन्हा नर, पुन्हा मादी. दोघांच्या हाका एकमेकींत इतक्या चपखल बसतात की ठाऊक नसेल तर एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं. हा आवाज सहज दोन किलोमीटर जात असेल. भाचीने माझा हात घट्ट धरला होता.

धुकं विरळ झालं तेव्हा तिघं दिसले. नर, मादी आणि मध्ये यंदाचं पिल्लू. मोठ्यांचं अंग राखाडी, पिसं नसलेलं डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक, टाळूवर मात्र फिकट राखी टोपी. पिल्लाच्या डोक्या-मानेवर अजून तांबूस-पिवळी पिसं होती, उंचीने ते आईच्या छातीपर्यंत आलं होतं. ऑगस्ट-सप्टेंबरात अंड्यातून निघालेलं असणार. आईने चिखलात चोच खुपसली, मान आडवी करून काहीतरी उपसून काढलं, बहुधा काठच्या गवताचा कंद, आणि तो पिल्लापुढे नुसता टाकला. पिल्लाने तो उचलला, पाण्यात बुचकळला, पुन्हा टाकला, पुन्हा उचलला. चोचीत नीट धरता येईपर्यंत त्याचं हेच चाललं होतं. बाप दहा-बारा पावलांवर मान ताठ करून उभा होता. आम्ही चहाचा थर्मास उघडला तेवढ्या आवाजानेही त्याने मान वळवली.

ऊन वर आल्यावर तिघंही पाण्यातून चालत काठाला आले, धुरा ओलांडला आणि शेजारच्या बांधीत शिरले. उडाले नाहीत. तलाव आणि शेत या दोन जागा आहेत हे आपण ठरवलंय. त्यांच्या पायांखाली ती एकच ओल होती.

घरटं ज्यांच्या बांधीत होतं ते काकाजी पुढे भेटले. लाखोळीत, म्हणजे लाख डाळीच्या पिकात, फिरत होते. इकडे धान उभं असतानाच ओलीवर लाखोळी टाकतात, कापणीनंतर ती वर येते. मी विचारलं, घरटं कधी दिसलं?

"रोवणी झाली अन् काही दिवसांनी पाहतो तं बांधीच्या मधोमध ढीग. धानाचेच रोपं उपटून उपटून रचलं होतं जी. दोन अंडे."

नुकसान?

"होते ना. तेवढ्या जागेत धान नाई. मी फवारणीही नाई केली त्या बांधीत. पन पाखरानं आपली बांधी निवडली, आता त्याले हाकलायचं कसं?"

नर-मादी दोघंही पाळीपाळीने महिनाभर अंडी उबवतात. पिल्लू बाहेर आलं की एक-दोन दिवसांत आईबापांमागे चालायला लागतं, पण उडायला तीनेक महिने लागतात. तेवढे दिवस ते पायीच असतं. धानातून तलावात, तलावातून धानात, आणि वाटेत गावातली कुत्री. दोन अंड्यांपैकी या जोडीचं एकच पिल्लू उरलं. मोठ्या पक्ष्यांना विजेच्या तारांचा धोका. एवढा मोठा पंखांचा पसारा घेऊन धुक्यात उडताना तार दिसत नाही. गोंदियात सारस तारांना लागून मेले आहेत. कीटकनाशकं हा आणखी एक धोका.

इथे काम करणारी माणसं आहेत. गोंदियाची 'सेवा' ही संस्था, वन विभाग आणि गावोगावचे सारसमित्र मिळून घरटी राखतात, दर वर्षी गणना करतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. पण त्या पिल्लाला पहिले तीन महिने सांभाळलं ते एका शेतकऱ्याने फवारणीचा पंप खाली ठेवला म्हणून. त्यांना त्याची भरपाई मिळावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती मागायला त्यांना कार्यालयाच्या चकरा माराव्या लागू नयेत.

दुपारी त्यांच्याच घरी जेवलो. भात, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी. काकूंनी भाचीला दोनदा वाढलं.

रविवार

गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीने दक्षिणेला. गोरेगावनंतर जंगल जवळ येतं, सौंदड मागे पडलं की टेकड्या सुरू. देवलगावला उतरलो, तिथून नवेगाव बांध अगदी जवळ. स्टेशनबाहेरच्या भिंतीवर नाटकांची पोस्टरं लागलेली. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, मंडईचा (गावजत्रांचा) हंगाम, रात्र रात्र नाटकं चालतात, वडसा हे त्यांचं ठाणं. बघायची फार इच्छा होती, पण पहाटे उठायचं होतं.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी बांधांनी बंद केल्या आणि पाणी डोंगरांच्या कुशीत साठलं. सगळ्यांत मोठं काम डोंगरांनी केलं, माणसाने फक्त फटी बुजवल्या. जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी वाचणारी ती माणसं. कोहळी समाजाला गोंड राजांनी काशीकडून आणून इथे वसवलं अशी कथा आहे. कथेचं काहीही असो, पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मिळून असे सहा-सात हजार तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी.

मालगुजार गावाचा सारा वसूल करायचा आणि तलावाची देखभालही त्याच्याकडे. पाळीवर माती टाकायला, पाट साफ करायला गाव जमायचं. कोणाच्या बांधीला आधी पाणी, कोणाला नंतर, गुरांना कुठे, मासे कोणाचे, हे सगळं ठरलेलं आणि वाजिब-उल-अर्ज व निस्तार पत्रकात लिहिलेलं असायचं. मी नोकरीत असताना ही जुनी बाडं हाताळली आहेत. एका गावाच्या तलावावर किती बारकाईने विचार केलेला असतो हे त्यातून कळतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. जुलमी पद्धत गेली हे चांगलंच झालं. पण तिच्याबरोबर दर वर्षी फावडी घेऊन पाळीवर जाणारं गावही गेलं. आता बहुतेक तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, आणि दुरुस्ती निधी आला की होते.

पाळीवरून चालताना एक जुनं तुडूम पाहिलं. तलावातून पाणी सोडायची दगडी बांधणी. पायऱ्यांसारखी खाली उतरत जाणारी, प्रत्येक टप्प्याला एक भोक आणि त्यात लाकडी खुंटी. पाणी उतरेल तशी खालची खुंटी काढायची. म्हणजे कायम वरच्या थरातलं, उन्हाने कोमट झालेलं पाणीच शेतात जायचं. आता बाजूला लोखंडी गेट बसवलंय.

नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. तलाव देखणा आहे यात वाद नाही. पण पाळीच्या बाजूला पाणी खोल आणि पक्षी लांब. दुर्बिणीतून लालसरी दिसल्या, तलवार बदकं दिसली, चक्रवाकाची एक जोडी. सगळे पलीकडच्या टोकाला, जिथे पाणी संपत संपत गवतात मिसळतं तिथे. भाची म्हणाली, "मामा, आपण चुकीच्या काठावर उभे आहोत." म्हणून सोमवारी लहान तलाव निवडला.

सोमवार

अर्जुनी मोरगाव तालुक्यातला गावतलाव. ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थेकडे मासेमारीचा ठेका. संस्थेतले दोघं जण, एक वयस्क मामाजी आणि त्यांचा पुतण्या, सकाळी जाळी काढायला निघाले होते. त्यांनी आम्हाला पाळीकडून न नेता वळसा घालून मागच्या बाजूने नेलं.

तलावाची रचना अशी की पाळ एकाच बाजूला असते. पाळीजवळ पाणी सगळ्यांत खोल, आणि उलट बाजूला जमीन हळूहळू चढत जाते. तिथे पाणी कमरेएवढं, मग गुडघ्याएवढं, मग घोट्याएवढं, आणि शेवटी नुसती ओल. शेताला पाणी सुटलं आणि तलाव हातभर जरी उतरला तरी या बाजूची दोन-चार एकर जमीन उघडी पडते. पाणथळ म्हणतात ती ही जागा. दर आठवड्याला ती थोडी सरकते.

आम्ही चपला काढून आत शिरलो. डिसेंबरातही चिखल वरून गार आणि आत कोमट होता. कडेला देवधान. हे जंगली धान, कोणी न पेरता येणारं. ऋषिपंचमीला उपवासाला याचाच भात लागतो. पिकलं की दाणे आपोआप गळतात, म्हणून बाया गळायच्या आत टोपलीत झोडून घेतात. आता बहुतेक दाणे चिखलात गेले होते. भाचीला एका वाळक्या लोंबीत दोन उरलेले सापडले. काळपट साल आणि दाण्याच्या कितीतरी पट लांब कुसळ. तिने ते माझ्या बोटावरून फिरवून दाखवलं. एका दिशेने गुळगुळीत जातं, उलट ओढलं की अडतं. पाण्याबरोबर वाहत जायचं, चिखलात रुतायचं आणि मागे यायचं नाही, अशी ती सोय.

त्याच्या पुढे लव्हाळ्यासारखं पोकळ, सुईसारखं गवत, ज्याच्या मुळाशी छोटे कंद असतात. सारस हेच उकरतात. मग तरंगती पानं, कुमुदिनीची आणि कमळाची, त्यांच्यावरून चालणारे कमळपक्षी. आणि पानांच्या खाली बुडालेलं हायड्रिला, दाट, हिरवं. पुतण्याने त्याचा एक झुबका उचलून हातावर धरला. पाणी निथळलं आणि आत हालचाल दिसली. नखाएवढे झिंगे, एक पारदर्शक पिल्लू मासा, पानाच्या मागे चिकटलेली अंडी. लगेच त्याने तो परत पाण्यात सोडला. "हे गवत असलं तं मासा," मामाजी म्हणाले. "हे गेलं तं तलाव नुसता हौद."

मधल्या काळात ते खरंच गेलं होतं. पाळ धरून ठेवेल म्हणून लावलेली बेशरम ही झुडपी वनस्पती तलावात उतरली. मूळची दक्षिण अमेरिकेची, गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि तोडून टाकलेली फांदीही ओलीवर पुन्हा फुटते. दुसरीकडे ठेक्यात रोहू, कतला आणि मृगळ यांचं बीज सोडलं जायचं, त्यात कुठे कुठे गवत्या मासाही. तो पाण्यातल्या वनस्पती खातो. मरळ, मांगूर, शिंगी असे गावठी मासे कमी होत गेले, कारण त्यांना अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला जागाच उरली नाही.

या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन तलाव पुन्हा उभे करायचं काम बरीच वर्षं केलं आहे. पद्धत ढिवरांच्याच माहितीतून आलेली. उन्हाळ्यात तलाव आटला की बेशरम मुळासकट खणून काढायची. उघडी पडलेली जमीन नांगरायची. पहिल्या पावसानंतर दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या वनस्पती लावायच्या, कोणती कमरेएवढ्या पाण्यात, कोणती घोट्याएवढ्या, हे ठरवून. धानाची रोवणी करावी तशीच, बाया-माणसं ओळीने वाकून. या तलावावरही संस्थेने ते पाहून केलं. आज मी जे पाहत होतो ते आपोआप उगवलेलं रान नव्हतं, लावलेलं होतं. मला याचं फार अप्रूप वाटलं. तलाव माणसाने बांधला, त्यातलं गवत माणसाने लावलं, आणि त्यावर सैबेरियापासूनची पाखरं उतरतात.

त्या उथळ पट्ट्यात तासाभरात जे पक्षी दिसले त्यांत अडई, काणूक, हळदीकुंकू बदक, जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे आणि शिंपले फोडत बसलेले उघड्या चोचीचे करकोचे होते. पाळीच्या खोल बाजूला फक्त पाणकावळे.

दुपारी सावलीत बसल्यावर मी मामाजींना कायद्याचं सांगितलं. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांमध्ये पाणथळ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. तिच्यातून धानाची शेतं वगळली आहेत आणि सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलावही वगळले आहेत. वैनगंगेच्या या खोऱ्यात सारस राहतो तो नेमका या दोन ठिकाणी. विदर्भात रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, एकच जागा आहे, लोणार, २०२० पासून, आणि ती व्हायलाच हवी होती. रामसरच्या मूळ व्याख्येत मानवनिर्मित पाणथळही बसते. पण आपल्या नियमाने या सहा-सात हजार तलावांसाठी दार लावून घेतलं आहे. कारण मला समजू शकतं. शेतकऱ्याच्या बांधीवर बंधनं यायला नकोत. पण बंधन न घालताही राखता येतं, शेतकऱ्याला पैसे देऊन, ठेकेदाराला अटी घालून. त्याचा विचार कागदावर कुठेच नाही.

मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कायद्याचं राहू द्या जी. आमच्या तलावावर उन्हाळ्यात पोकलेन येऊन रायला."

गाळ काढायचं काम मंजूर होण्याच्या बेतात होतं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे आणि ती वाईट नाही. गाळ साचला की पाणी कमी मावतं, काढलेला गाळ शेतात सोनं आहे. संस्थेचाही गाळ काढायला विरोध नाही. प्रश्न कुठून काढायचा हा आहे. मशीनला उथळ बाजू सोपी पडते. ट्रॅक्टर तिथपर्यंत येतात, जमीन लवकर वाळते. म्हणून खोदाई तिथेच होते, आणि काठ उभा कापला जातो. शेजारच्या गावचा असा तलाव त्यांनी आम्हाला वाटेत दाखवला. पाणी भरपूर, काठाशी थेट पुरुषभर खोली, एक गवताचं पातं नाही. त्यावर आम्हाला दोन टिबुकल्या दिसल्या.

मंगळवार

परतीची गाडी दुपारची होती. सकाळी संस्थेचे पाच-सहा जण आणि बचत गटाच्या दोघी जणी समाजमंदिरात जमल्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा, पण तो कसा लिहायचा हे त्यांना हवं होतं. हे काम मला येतं. भाचीने कोणती वनस्पती किती पाण्यात आहे याचा कच्चा नकाशा काढला, मामाजींनी तो दोन ठिकाणी दुरुस्त केला.

ठरावात फार काही नाही. गाळ पाळीच्या बाजूने आणि मधल्या भागातून काढावा. पूर्वेकडची उथळ बाजू, नकाशात दाखवल्याप्रमाणे, खोदू नये. खोदलेल्या भागाचा काठ उभा न ठेवता उतरता ठेवावा. बेशरम मशीनने तोडून तलावातच टाकू नये, मुळासकट काढून बाहेर वाळवून जाळावी. खोदाईची आखणी करताना मच्छीमार संस्थेचा एक आणि बचत गटाची एक प्रतिनिधी हजर असावी. निस्तार पत्रकात या गावाच्या तलावाबद्दल काय नोंद आहे त्याची नक्कल तहसीलमधून काढायला अर्जही लिहून दिला. जुन्या नोंदीत गुरं पाजायची आणि देवधान गोळा करायची बाजू लिहिलेली निघाली, तर तीच ही बाजू असणार, असं मामाजींचं म्हणणं.

ठराव कोण मांडणार यावर थोडा वेळ गेला. शेवटी बचत गटाच्या ताई म्हणाल्या, रोवणी आम्ही केली आहे, आम्हीच मांडू.